बेसबॉलमधील बॅटरचा अडथळा: निर्णयापर्यंत कसे पोहोचावे

पहिल्या बेसवर रनर आहे, एक खेळाडू बाद झालेला आहे आणि बॅटरवर एक स्ट्राइक आहे (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद). पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात सुटताच रनर दुसऱ्या बेसकडे धावत सुटतो. बॅटर बाहेरच्या कोपऱ्यातल्या चेंडूवर जोरात बॅट फिरवतो, चेंडू हुकतो आणि तोल गेल्यामुळे त्याचा मागचा पाय बॉक्समधून (त्याच्या उभे राहण्याच्या चौकटीतून) निघून थेट होम प्लेटवर पडतो. कॅचर (होम प्लेटमागे बसणारा क्षेत्ररक्षक) चेंडू घेऊन उठतो, परंतु हात पुढे आणताना वाटेत बॅटरचा खांदा येतो, फेक उंच जाते आणि रनर दुसऱ्या बेसवर सुखरूप पोहोचतो. आता फलंदाजी करणारा संघ म्हणतो की बॅटरने मुद्दाम काहीच केले नाही, त्यामुळे खेळ जसा झाला तसा मान्य व्हावा. आणि क्षेत्ररक्षण करणारा संघ म्हणतो की रनरला बाद द्यावे. दोघांचेही म्हणणे नियमात बसत नाही. बरोबर निर्णय असा आहे की बॅटर बाद, रनर पुन्हा पहिल्या बेसवर, आणि दोन बाद.

हा निर्णय कुठून येतो ते पायरीपायरीने समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे. बॅटरच्या अडथळ्याचे, म्हणजेच इंटरफिअरन्सचे नियम पाठ करायला फार अवघड नाहीत. अडचण येते ती ते चुकीच्या क्रमाने लावल्यामुळे. बहुतेक वाद "त्याचा हेतू होता का?" किंवा "तो बॉक्समध्येच होता ना?" या दोन प्रश्नांपासून सुरू होतात, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच होतो. आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: अडथळा आला त्या क्षणी तो खेळाडू नियमाच्या दृष्टीने कोण होता, कोणता बचाव चालू होता, त्या बचावाचा शेवट काय झाला आणि किती बाद होते. हेतूचा प्रश्न काही ठरावीक प्रसंगांतच येतो, आणि ते प्रसंग पुढे स्वतंत्रपणे दाखवले आहेत.

येथे दिलेले नियम मेजर लीगच्या (अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या) अधिकृत नियमपुस्तकाप्रमाणे आहेत. बॅटरच्या बेकायदा कृती त्यात ६.०३ या कलमात आहेत, अडथळ्याचे सर्वसाधारण नियम ६.०१ मध्ये, आणि बॅटर कधी बाद होतो ते ५.०९ मध्ये. शालेय स्पर्धांची आणि सॉफ्टबॉलची नियमपुस्तके वेगळी असतात व काही तपशिलांत त्यांचा निर्णय वेगळा लागतो, म्हणून प्रत्यक्ष सामन्याआधी आपल्या स्पर्धेचे पुस्तक उघडून पाहावे.

पहिली पायरी: तो त्या क्षणी कोण होता?

हातात बॅट घेऊन उभा असलेला खेळाडू एकाच चेंडूत तीन भूमिकांतून जाऊ शकतो, आणि भूमिका बदलली की दंडही बदलतो. चेंडू येईपर्यंत आणि हुकल्यानंतर, त्याची पाळी संपलेली नसेल तर, तो बॅटर असतो. चेंडू फेअर (दोन फाउल रेषांच्या आतल्या हद्दीत) मारल्यावर, किंवा कॅचरच्या हातून निसटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर पहिल्या बेसकडे धावण्याचा हक्क मिळाल्यावर, तो बॅटर-रनर होतो. तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट पकडला असेल तर तो बाद झालेला खेळाडू असतो, मग तो अजून प्लेटजवळ उभा का असेना. सुरुवातीच्या प्रसंगात बॅटरवर आधी एकच स्ट्राइक होता, म्हणजे हुकलेला चेंडू दुसरा स्ट्राइक ठरला आणि तो बॅटरच राहिला. म्हणून त्याला बाद देता आले. हाच चेंडू तिसरा स्ट्राइक असता तर उत्तर बदलले असते. ते कसे, हे पुढे येईल.

दुसरी पायरी: अडथळा झाला का, आणि बॉक्सचे संरक्षण किती?

बॅटर्स बॉक्स ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब असतो, आणि त्याच्या रेषा बॉक्सचाच भाग मानल्या जातात. त्या चौकटीत असेपर्यंत बॅटरला कोणी हात लावू शकत नाही, असा समज मैदानावर सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. नियमाचे शब्द पाहिले तर बॅटर बॉक्सच्या बाहेर पाऊल टाकून कॅचरच्या चेंडू घेण्यात किंवा फेकण्यात अडथळा आणतो, किंवा होम प्लेटवरील कॅचरच्या बचावात अडचण होईल अशी दुसरी कोणतीही हालचाल करतो, तेव्हा तो दोषी ठरतो. म्हणजे बॉक्सच्या बाहेर गेल्यावर धोका वाढतो हे खरे, परंतु बॉक्सच्या आत राहूनही प्लेटवर वाकणे, कॅचरच्या हातासमोर बॅट आणणे किंवा नेहमीच्या फलंदाजीचा भाग नसलेली हालचाल करणे हा अडथळा ठरू शकतो.

याउलट बॅटर बॉक्समध्ये आपल्या जागी स्थिर उभा असेल आणि स्टील (चेंडू मारला न जाता रनरने पुढचा बेस गाठण्यासाठी घेतलेली धाव) रोखण्यासाठी कॅचरला त्याच्या बाजूने वाट काढावी लागली, तर सहसा अडथळा होत नाही. खाली बसणे किंवा अदृश्य होणे हे बॅटरचे काम नाही. तिसऱ्या बेसच्या स्टीलच्या वेळी हा मुद्दा फार स्पष्ट दिसतो. उजव्या हाताचा बॅटर कॅचर आणि तिसरा बेस यांच्या मधोमध उभा असतो, आणि कॅचरला त्याच्या पुढून किंवा मागून पाऊल काढून फेकावे लागते. बॅटर जागेवर राहिला तर ती कॅचरची अडचण असते. परंतु "वाट मोकळी करून देतो" म्हणून बॅटर मागे सरकला आणि कॅचरही नेमका मागूनच फेकायला निघाला, तर चांगल्या भावनेने टाकलेले तेच पाऊल अडथळा ठरते. म्हणून नवख्या बॅटरला मी हेच सांगेन की स्टीलच्या वेळी चेंडू सोडून दिला असेल तर जागेवर स्थिर राहावे, आणि बॅट फिरवली असेल तर तोल सांभाळून प्लेटच्या पलीकडे जाऊ नये.

येथे हेतूचा विचार करायचा नसतो. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद देण्यासाठी तो जाणूनबुजून आणलेला असावा लागतो. ती सवय डोक्यात ठेवून बेसबॉल पाहणाऱ्याला इथे चकवा बसतो. तोल जाऊन प्लेटवर आलेला बॅटर निष्पाप असला तरी कॅचरची फेक त्याच्यामुळे बिघडली, आणि नियम तेवढेच पाहतो. मात्र कॅचरने खरोखर बचावाचा प्रयत्न केलेला दिसला पाहिजे. रनर धावलाच नाही किंवा कॅचरने फेकण्याचा विचारही केला नाही, तर बॅटर प्लेटवर येऊन उभा राहिला तरी अडथळा कशात आला, हा प्रश्न उरतो.

तिसरी पायरी: थांबा आणि फेकीचा निकाल पाहा

बॅटरच्या अडथळ्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त चुकणारी पायरी हीच आहे. अडथळा दिसताच प्लेटमागचे पंच बॅटरकडे बोट दाखवून "इंटरफिअरन्स" असे मोठ्याने पुकारतात, परंतु खेळ तत्क्षणी थांबवत नाहीत. कॅचरची पहिली फेक पूर्ण होऊ दिली जाते. त्या फेकीवर रनर बाद झाला, तर अडथळा प्रत्यक्षात आलाच नाही असे मानले जाते: रनर बाद राहतो, बॅटर आपली पाळी पुढे चालू ठेवतो, आणि इतर रनर या दरम्यान पुढे गेले असतील तर तेही मान्य होते, कारण नियमाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते.

पहिल्या फेकीवर रनर बाद झाला नाही, तर पंच लगेच खेळ थांबवतात, चेंडू डेड होतो, बॅटर बाद होतो आणि सर्व रनर अडथळ्याच्या क्षणी ज्या बेसला कायदेशीरपणे शिवलेले होते तिथे परत जातात. रनर दोन बेसच्या मध्ये अडकून पुढे-मागे पळू लागला तर काय, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तरही यातच आहे: पहिल्या फेकीने त्याला थेट बाद केले नाही, म्हणून तिथेच खेळ थांबतो. त्या पळापळीत पुढे तो बाद झाला तरी तो बाद धरला जात नाही.

यामागचा न्याय साधा आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला जे मिळायला हवे होते ते मिळाले, तर दंडाची गरज नाही. मिळाले नाही, तर एक बाद त्यांच्या पदरात पडतो आणि रनरला फायदा मिळत नाही. हे लक्षात ठेवले की "बॅटरही बाद, रनरही बाद" अशी मागणी या प्रसंगात का टिकत नाही ते आपोआप कळते.

चौथी पायरी: तिसरा स्ट्राइक असेल तर

आता सुरुवातीचाच प्रसंग घेऊ, पण बॅटरवर आधीच दोन स्ट्राइक आहेत. तो हुकतो, कॅचर चेंडू पकडतो, म्हणजे बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला. त्यानंतर तो प्लेटवर कोलमडतो आणि कॅचरची फेक बिघडते. एकाच खेळाडूला दोनदा बाद देता येत नाही, पण अडथळ्याची किंमत तर वसूल झाली पाहिजे. यासाठी ६.०१ मधील वेगळी तरतूद लागू होते: नुकताच बाद झालेला बॅटर किंवा रनर पुढच्या बचावात अडथळा आणत असेल, तर ज्याच्यावर बचाव चालला होता तो सहकारी बाद होतो. म्हणजे बॅटर स्ट्राइकवर बाद, रनर सहकाऱ्याच्या अडथळ्यामुळे बाद, आणि आधी एक बाद असल्याने संघाचा फलंदाजीचा डाव तिथेच संपला.

बाहेरून दोन्ही प्रसंग अगदी सारखे दिसतात, आणि म्हणूनच प्रेक्षकांना पंच मनाला येईल तसे निर्णय देतात असे वाटते. फरक फक्त स्ट्राइकच्या संख्येत असतो.

बॅट पूर्ण फिरून मागे लागली तर

काही बॅटर इतक्या जोराने बॅट फिरवतात की ती पूर्ण वळसा घेऊन मागे कॅचरला किंवा त्याच्याजवळच्या चेंडूला लागते. हे अनवधानाने झाले असे पंचांचे मत असेल, तर तो अडथळा नसतो. फक्त स्ट्राइक दिला जातो, चेंडू डेड होतो आणि कोणताही रनर पुढे जाऊ शकत नाही. तिसरा स्ट्राइक असेल तर बॅटर त्या स्ट्राइकमुळे बाद होतो. धावत सुटलेल्या रनरला परत यावे लागते, पण बॅटरला वेगळा दंड होत नाही. कॅचर फेकण्याच्या क्रियेत असताना असा स्पर्श झाला आणि तरीही त्याच्या पहिल्याच फेकीवर रनर थेट बाद झाला, तर ते बाद होणे मान्य करतात.

हातातून सुटलेल्या बॅटचा नियम याहून कडक आहे. कॅचर चेंडू पकडण्याच्या प्रयत्नात असताना बॅटरची सुटलेली बॅट त्याला किंवा त्याच्या ग्लोव्हला लागली, आणि त्या वेळी बेसवर रनर असेल किंवा तो तिसरा स्ट्राइक असेल, तर ती बेकायदा कृती ठरते आणि बॅटर बाद होतो.

पाचवी पायरी: बचाव होम प्लेटवर असेल तर

तिसऱ्या बेसवरून रनर धाव घेण्यासाठी येत आहे आणि बॅटर वाटेत आहे, या प्रसंगात दंड उलटा होतो, म्हणून तो सावकाश समजून घ्यावा. दोनपेक्षा कमी बाद असताना बॅटरने होम प्लेटवरील बचावात अडथळा आणला, तर बाद होतो तो रनर. बॅटरची पाळी चालू राहते. दोन बाद असताना असे झाले, तर बॅटर बाद होतो आणि धाव मोजली जात नाही.

असे का, याचा विचार केला की नियम विसरला जात नाही. धाव मिळवण्यासाठी निघालेला रनर हाच त्या खेळातला मोलाचा मोहरा असतो. केवळ बॅटरला बाद देऊन रनरला तिसऱ्या बेसवर परत पाठवले, तर बॅटर मुद्दाम आडवा येऊन स्वतःचा बळी देईल आणि रनर पुढच्या संधीसाठी शाबूत राहील. तो सौदा फायद्याचा ठरू नये म्हणून रनरच बाद होतो. दोन बाद असताना मात्र तिसरा बाद कोणाचाही झाला तरी डाव संपणारच. तेव्हा रनरला बाद दिले असते तर तोच बॅटर पुढच्या डावात पहिला म्हणून नव्याने फलंदाजीला आला असता, म्हणजे अडथळा आणणाऱ्यालाच दुसरी संधी मिळाली असती. बॅटरला बाद दिल्याने ती वाट बंद होते.

येथेच बॉक्सचे संरक्षण सर्वांत कमी पडते. समजा पिचरचा चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला, रनर तिसऱ्या बेसवरून सुटला, पिचर प्लेट सांभाळायला धावत आला आणि कॅचर मागून त्याच्याकडे चेंडू फेकणार आहे. बॅटरला बाजूला होण्यासाठी पुरेसा वेळ होता, आणि तरी तो बॉक्समध्ये पाहत उभा राहिला, तर "मी माझ्या जागेवर होतो" हा बचाव चालत नाही. फलंदाजी करणाऱ्या संघाने क्षेत्ररक्षकाला लागणारी जागा मोकळी करून दिली पाहिजे, हे तत्त्व येथे लागू होते. याउलट रनरने पिचच्या (पिचरने चेंडू टाकण्याच्या) वेळीच होमकडे धाव घेतली आणि बॅटरला हलायला क्षणही मिळाला नाही, तर त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा ठेवली जात नाही. स्टीलच्या वेळी स्थिर राहा आणि प्लेटवर बचाव होणार असेल तर बाजूला व्हा, अशा दोन परस्परविरोधी सूचना बॅटरला एकाच वेळी अंगवळणी पाडाव्या लागतात, आणि माझ्या मते प्रशिक्षकांनी यावर जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा क्वचितच दिला जातो.

हेतू पाहिला जातो तो प्रसंग: कॅचरची पिचरकडे परत फेक

१४ ऑक्टोबर २०१५ रोजी टोरांटो ब्लू जेज आणि टेक्सास रेंजर्स यांच्यातील अमेरिकन लीग डिव्हिजन सिरीजचा पाचवा, निर्णायक सामना चालू होता. सातव्या डावाच्या पहिल्या अर्ध्या भागात दोन बाद होते, गुणसंख्या २–२ होती, आणि रेंजर्सचा रुग्नेड ओडोर तिसऱ्या बेसवर होता. फलंदाजीला शिन-सू चू होता. एका पिचनंतर कॅचर रसेल मार्टिन याने नेहमीप्रमाणे चेंडू पिचरकडे परत फेकला. तो बॉक्समध्ये उभ्या असलेल्या चूच्या बॅटवर आदळला आणि तिसऱ्या बेसच्या दिशेने घरंगळला. ओडोरने क्षणाचाही विलंब न लावता होम गाठले. प्लेटमागचे पंच डेल स्कॉट यांनी आधी खेळ थांबवल्याची खूण केली होती, परंतु पंचांच्या आपसांतील चर्चेनंतर धाव मान्य करण्यात आली आणि रेंजर्स ३–२ असे पुढे गेले. प्रेक्षक संतापले, खेळ बराच वेळ थांबला, आणि त्याच डावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होजे बॉतिस्ताच्या होम रनने ब्लू जेजने सामना फिरवून ६–३ असा जिंकला.

निर्णय योग्य होता. बॅटर बॉक्समध्ये उभा आहे आणि कॅचरची पिचरकडची परत फेक त्याला किंवा त्याच्या बॅटला लागली, तर पंच एकच गोष्ट तपासतात: त्याने ती फेक अडवण्याच्या हेतूने काही केले का? चू फक्त आपल्या नेहमीच्या सवयीने बॅट सावरत होता. हेतू नसेल तर चेंडू जिवंत राहतो आणि रनर हवे तिथे जाऊ शकतो. हाच बॅटर बॉक्सच्या बाहेर असता, किंवा त्याने फेक पाहून बॅट मुद्दाम वाटेत धरली असती, तर निर्णय वेगळा झाला असता. कॅचरने यातून घ्यायची सूचना सरळ आहे: तिसऱ्या बेसवर रनर असेल तर परत फेकण्यापूर्वी बॅटर आणि बॅट कुठे आहेत ते पाहूनच हात सोडावा.

सहावी पायरी: चेंडू मारल्यानंतरचे अडथळे

चेंडू फेअर मारला की बॅटर हा बॅटर-रनर होतो आणि रनरांचे नियम त्याला लागू होतात. मारलेला चेंडू अडवण्याच्या प्रयत्नात असलेल्या क्षेत्ररक्षकाला टाळणे हे रनरचे कर्तव्य आहे, आणि ते न जमल्यास तो बाद होतो. यात मोठा अपवाद प्लेटसमोरच्या बंटचा (बॅट न फिरवता हलकेच टेकवून मारलेल्या चेंडूचा) आहे. तिथे कॅचरला चेंडूकडे जायचे असते, बॅटरला पहिल्या बेसकडे, आणि दोघांचीही वाट एकच असते. नियमपुस्तकातील टिप्पणी सांगते की पहिल्या बेसकडे निघालेला बॅटर-रनर आणि चेंडू उचलायला निघालेला कॅचर यांचा स्पर्श झाला, तर सर्वसाधारणपणे कोणाचाही दोष नसतो आणि काहीही पुकारू नये.

१४ ऑक्टोबर १९७५ रोजी सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) तिसऱ्या सामन्यात हाच प्रश्न उभा राहिला. दहाव्या डावात ५–५ अशी बरोबरी होती, रेड्सचा सेसार जेरोनिमो पहिल्या बेसवर होता, आणि एड आर्मब्रिस्टरने बंट केला. चेंडू प्लेटसमोर उसळला, आर्मब्रिस्टर क्षणभर घुटमळला, आणि बोस्टन रेड सॉक्सचा कॅचर कार्लटन फिस्क त्याच्याशी धडकला. फिस्कने तरीही चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला, पण फेक थेट सेंटर फील्डमध्ये गेली. जेरोनिमो तिसऱ्या आणि आर्मब्रिस्टर दुसऱ्या बेसवर पोहोचला. पंच लॅरी बार्नेट यांनी अडथळा नाकारला, आणि थोड्याच वेळात जो मॉर्गनच्या फटक्यावर रेड्सने सामना ६–५ असा जिंकला. बोस्टनच्या चाहत्यांना तो निर्णय आजही खुपतो. मला वाटते की आर्मब्रिस्टरचे ते घुटमळणे या अपवादाच्या अगदी काठावर होते: तो सरळ धावत असताना धडक झाली असती तर वादच नव्हता, आणि तो जाणूनबुजून थांबला असे पंचांना वाटले असते तर बाद देण्यातही चूक नव्हती.

बॅटच्या बाबतीत काही उपनियम आहेत. फेअर मारलेला चेंडू फेअर हद्दीत पुन्हा बॅटला लागला, म्हणजे बॅट चेंडूवर गेली, तर बॅटर बाद आणि चेंडू डेड. परंतु बॅट टाकून दिल्यानंतर चेंडूच घरंगळत येऊन तिला लागला आणि बॅटरचा हेतू नव्हता, तर खेळ चालू राहतो. बॅटर अजून बॉक्समध्ये कायदेशीर स्थितीत असताना चेंडू दुसऱ्यांदा बॅटला लागला तर तो फक्त फाउल असतो. तुटलेल्या बॅटचा तुकडा चेंडूला किंवा क्षेत्ररक्षकाला लागला तरी अडथळा नसतो; अखंड बॅट हातातून निघून बचाव करणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या आड आली, तर हेतू नसला तरी अडथळा ठरतो. फाउल चेंडू घरंगळत असताना पहिल्या बेसकडे धावणाऱ्या बॅटरने त्याची दिशा मुद्दाम बदलली, तर तो बाद होतो, आणि येथे "मुद्दाम" हा शब्द महत्त्वाचा आहे.

तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला आणि बॅटरला धावण्याचा हक्क असेल, तर कॅचर चेंडू उचलत असताना त्याला स्पष्टपणे अडवल्यास बॅटर-रनर बाद होतो आणि बाकीचे रनर पिचच्या वेळच्या बेसवर परत जातात. चेंडू कॅचरच्या किंवा पंचांच्या अंगावरून उडून बॅटर-रनरला नुसता लागला, एवढ्याने मात्र तो अडथळा होत नाही.

पहिल्या बेसची धावपट्टी

होम प्लेट ते पहिला बेस हे अंतर ९० फूट आहे. शेवटच्या ४५ फुटांत बॅटर-रनरसाठी आखलेली धावपट्टी असते. पूर्वी ती फाउल रेषेच्या उजवीकडील ३ फूट इतकीच होती. पहिल्या बेसकडे चेंडू फेकला जात असताना बॅटर-रनर या पट्टीच्या बाहेरून धावला आणि त्यामुळे फेक घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाला अडथळा आला, तर तो बाद होतो. नुसते पट्टीबाहेर धावणे हा गुन्हा नाही. फेक झाली पाहिजे आणि ती घेण्यात अडथळा आला पाहिजे. बेस शिवण्यासाठी अगदी जवळ आल्यावर टाकलेले शेवटचे पाऊल पट्टीबाहेर गेले तर चालते.

या नियमाची खरी अडचण म्हणजे बेस स्वतः रेषेच्या डावीकडे, फेअर हद्दीत असतो, आणि उजव्या हाताचा बॅटर नैसर्गिकपणे डावीकडूनच धावतो. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात वॉशिंग्टन नॅशनल्सच्या ट्रे टर्नरला याच नियमाखाली बाद देण्यात आले. सातव्या डावात पहिल्या बेसवर यान गोम्स होता. टर्नरने मारलेला हळू चेंडू पिचर ब्रॅड पीकॉकने उचलून पहिल्या बेसकडे फेकला, तो टर्नरला लागून दूर गेला, आणि दोन रनर पुढे सरकण्याऐवजी टर्नर बाद व गोम्स पुन्हा पहिल्या बेसवर अशी स्थिती झाली. नॅशनल्सचे मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ इतके संतापले की त्यांना मैदानाबाहेर काढण्यात आले. नॅशनल्सने तो सामना ७–२ असा जिंकला, तरी वाद मिटला नाही. २०२४ पासून मेजर लीगने पट्टी डावीकडे रुंद केली: फाउल रेषा आणि आतले गवत यांच्यामधला मातीचा पट्टा आता धावपट्टीचा भाग आहे, आणि तो १८ ते २४ इंच रुंद ठेवावा लागतो. बेसपर्यंत सरळ धावणाऱ्याला शिक्षा होऊ नये, यासाठी ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

उलट बाजू: कॅचरचा आणि पंचांचा अडथळा

बॅट फिरत असताना कॅचरचा ग्लोव्ह तिला लागला, तर दोषी कॅचर असतो आणि बॅटरला पहिला बेस मिळतो. त्यामुळे ज्याला जागा सोडावी लागते तो रनर आणि त्या क्षणी स्टील करत असलेला रनर यांनाही पुढचा बेस मिळतो. जेकबी एल्सबरी याला २०१६ च्या एकाच हंगामात १२ वेळा असा बेस मिळाला होता. बॉक्समध्ये मागे उभे राहून उशिरा बॅट आणणाऱ्या बॅटरच्या बाबतीत कॅचरने किती जपून बसावे, हे त्यावरून कळते.

येथे मॅनेजरला निवड असते. तिसऱ्या बेसवर रनर आहे आणि एक बाद आहे असे समजा. बॅट ग्लोव्हला घासते, तरीही बॅटर खोलवर उंच फटका मारतो, तो झेलला जातो आणि रनर होम गाठतो. मॅनेजरने खेळ मान्य केला तर एक धाव मिळते आणि दोन बाद होतात. दंड मान्य केला तर धाव जाते, रनर तिसऱ्या बेसवर परततो, बॅटर पहिल्या बेसवर येतो आणि एकच बाद राहतो. ही निवड खेळ संपताच सांगावी लागते, म्हणून मॅनेजरने तिचा विचार आधीच करून ठेवावा. बॅटरसह सर्वांना निदान एक बेस मिळाला असेल, तर निवडीचा प्रश्नच येत नाही आणि खेळ जसाच्या तसा राहतो.

तिसऱ्या बेसवरचा रनर होम स्टील करत असताना किंवा स्क्वीझच्या (बंटवर त्याला होमला आणण्याच्या चालीच्या) वेळी कॅचर हातात चेंडू नसताना प्लेटवर किंवा पुढे आला, किंवा बॅटरला अथवा बॅटला लागला, तर पिचरवर बॉक (पिचरच्या बेकायदा हालचालीचा दोष) लावला जातो, रनरला धाव मिळते आणि बॅटरला पहिला बेस मिळतो.

प्लेटमागच्या पंचांनी स्वतः कॅचरच्या हाताला धक्का दिला आणि स्टील रोखणारी फेक बिघडली, तर रनर परत जातात. त्याच फेकीवर रनर बाद झाला तर तो बादच राहतो. येथेही आधी फेकीचा निकाल, मग दंड, हाच क्रम आहे.

मैदानावर दाद कशी मागावी

बॅटरच्या अडथळ्याचा बराचसा भाग पंचांच्या मतावर अवलंबून असतो: खांदा खरोखर हातासमोर आला का, बॅटरला हलायला वेळ होता का, बॅट मुद्दाम धरली का. "तो वाटेत आला" किंवा "तो नाही आला" यावर पंचांशी वाद घालून काही साधत नाही. परंतु त्या मतावर नियम चुकीचा लावला गेला असेल, तर शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला पंचांना उत्तर द्यावे लागते. म्हणून प्रश्न असा विचारावा: "आपण बॅटरचा अडथळा दिला आहे, तर पहिल्या फेकीवर रनर बाद झाला होता का?" किंवा "हा तिसरा स्ट्राइक होता, तर बाद कोणाला दिले आहे?" किंवा "दोन बाद असताना प्लेटवरच्या अडथळ्यासाठी रनरला बाद का दिले?" अशा प्रश्नामुळे पंच इतर पंचांशी बोलून घटनाक्रम पुन्हा तपासू शकतात, आणि ही चर्चा पुढचा पिच टाकला जाण्यापूर्वीच झाली पाहिजे.